काकूंच्या टाकीतलं झाड

माझ्या हाताला झाड लागत नाही. लग्नानंतरच्या पाच वर्षांत मी तीन तुळशी, एक मोगरा आणि काही केलं तरी मरत नाही म्हणतात तो मनीप्लांटसुद्धा घालवला होता. त्यामुळे तळमजल्यावरच्या काकूंनी इस्रायलला मुलाकडे कायमचं जायचं ठरवलं आणि जाताना आपली माशांची टाकी मला देऊ केली, तेव्हा माझा नवरा मोठ्यानं हसला. म्हणाला, "काकू, माशांचं ठीक आहे. पण आत झाड आहे ना!"

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिलाच द्यायचंय."

आम्ही तेव्हा नवीन पनवेलला, सुकापूरच्या बाजूला एका चार मजली इमारतीत राहत होतो. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची आणि नवरा उरणच्या बाजूला बंदरात पाळीची नोकरी करायचा. काकू बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या ज्यूंपैकी. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा घरंदाज होतं. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून झाले की त्यांच्या घरातून गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा वास जिन्यात यायचा आणि थोड्या वेळानं ताटली घेऊन त्या स्वतःच वर यायच्या. काका एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर त्यांची नजर जवळजवळ गेली आणि पाठोपाठ तब्येतही. शेवटचे सात-आठ महिने मी शाळेतून आले की तासभर त्यांच्याजवळ बसून पेपर वाचून दाखवायची. पलंगाच्या समोरच टाकी होती. काकांना मासे दिसत नसत, पण दिवा लावलेला असला की हिरवं हलतंय एवढं कळायचं. ते म्हणायचे, "हललं गं, हललं." मी पेपर खाली ठेवून बघायची.

ते झाड काकांनी दुकानातून आणलेलं नव्हतं. तरुणपणी मित्रांबरोबर पनवेलजवळच्या नेरे गावाकडे गेले असताना डोंगराखालच्या नदीत पोहता पोहता त्यांनी ते मुळासकट उपटलं आणि ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणलं. फितीसारखी लांब, अरुंद पानं, आणि कडांना शिवणीत चुण्या पडाव्यात तशा बारीक लाटा. वरून हिरवी, खालून तांबूस. टाकीवाल्यांच्या भाषेत त्या जातीला क्रिप्ट म्हणतात, हे मला नंतर कळलं. काकू त्याला नुसतं 'झाड' म्हणत. अडीच फुटांची ती टाकी एका झाडानं भरून गेली होती, आणि पानांमधून गप्पी मासे फिरत असत.

दिवाळीनंतर काकू गेल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, मग घालायचं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, जास्त नाही. दिवा सात-आठ तास. साबणाचा हात आत घालायचा नाही. आणि मुळं सारखी उकरायची नाहीत.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "हे त्यांचं आहे गं. एवढं एकच सोबत नेता येत नाही."

काकूंची टॅक्सी विमानतळाकडे गेली त्या दुपारी नवऱ्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी टाकी रिकामी करून दुसऱ्या मजल्यावर आणली. मासे एका बादलीत, खडी दुसऱ्या बादलीत. झाड मी स्वतः ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, टाकी पुन्हा लागली. दिवा लावला. पानं पसरली. सुरेख दिसत होतं. नवरा म्हणाला, "चला, एक तरी झाड वाचलं."

पाचव्या दिवशी सकाळी दोन पानांना भोकं दिसली. मला वाटलं, माशांनी खाल्ली. सहाव्या दिवशी पानं काचेसारखी पारदर्शक झाली. सातव्या दिवशी मी शाळेतून आले तर अर्धं झाड वितळून गेलं होतं. दुसरा शब्द नाही. शिजवून शिजवून गाळ झालेल्या अळूसारखी पानं खडीवर पडली होती आणि हात लावला की बोटांत बुळबुळीत होऊन सुटत होती. पाण्याला वास यायला लागला.

त्याच शनिवारी काकूंचा पहिला फोन आला. शनिवारचा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, मावळला की आमच्याकडे जेवणाची वेळ झालेली असायची. लँडलाइन वाजली, आणि दूरवरून आवाज आला, "कशी आहेस गं? आणि झाड कसं आहे?"

माझ्या समोर टाकी होती. आत चिखल होता.

"छान आहे," मी म्हणाले.

"मुरलं ना नव्या जागेत?"

"हो काकू. अगदी छान. तुम्ही कशा आहात?"

"मी पण छान. इथं हवा छान आहे. घर मोठं आहे. सून चांगली आहे."

फोन ठेवला आणि मी ताट बाजूला सारलं. नवरा म्हणाला, "सांगून टाकायचं होतंस." मला ते कळत होतं. पण नवरा गेलेल्या, घर सोडलेल्या बाईला पहिल्याच आठवड्यात मी काय सांगू? की तुमचं होतं ते मी सात दिवसांत संपवलं?

मी जुन्या पनवेलच्या बाजारातल्या एका मासेवाल्याकडे गेले. शोभेचे मासे विकणारा तो. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, सडलं ते. काढून टाका, नाहीतर मासे पण जातील. माझ्याकडे प्लास्टिकचं आहे, सेम दिसतं." मी प्लास्टिकचं बघितलं. ते हिरवं इतकं हिरवं होतं की मला तिथंच रडू यायला लागलं.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा फोन. पुन्हा मी "छान आहे" म्हटलं. आता तर मी थोडं वाढवूनही सांगितलं, की एक नवं पान आलंय. खोटं एकदा बोलून थांबत नाही, पुढच्या वेळी त्याच्या अंगावर मांस चढवावं लागतं.

त्या रात्री मी ठरवलं की नेऱ्याला जायचं. काकांना जिथं मिळालं तिथं दुसरं मिळेल, तेच लावू आणि विषय संपवू. काकूंना कधीच कळणार नाही. नवऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "जा. तोवर मी टाकी साफ करून ठेवतो. मासे वर येऊन धापा टाकतायत, बघवत नाही." मी बरं म्हटलं. खरं तर मी ते नीट ऐकलंच नव्हतं.

रविवारी सकाळी साडेसातला मी नेऱ्याकडे जाणारी रिक्षा धरली. पुढं वाटेतच उतरून, शेतांच्या कडेनं विचारत विचारत नदीवर पोहोचले. भात कापून झालेलं होतं. पाणी गुडघ्याएवढं, आणि इतकं स्वच्छ की तळाची वाळू मोजता यावी. आणि खरंच, दगडांच्या सांदीत ती पानं होती. तशीच लांब, तशीच चुणीदार, सगळी एका दिशेला वाहत असलेली. मी सलवार वर खोचून पाण्यात उतरले.

पलीकडच्या दगडावर एक म्हातारी कपडे धूत होती. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय हरवलं गं बाय?"

"काही नाही मावशी. हे झाड हवंय."

"तं? त्याचं काय करशील? गुरं बी खात नाय."

मला काय झालं कुणास ठाऊक, त्या अनोळखी बाईला मी पाण्यात उभी राहून सगळं सांगितलं. काका, काकू, टाकी, गळून गेलेली पानं, फोनवरचं खोटं. ती हातातलं लुगडं पिळायचं विसरली. सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "मुली हाय का?"

मला वाटलं, मला मुली आहेत का असं विचारतेय. "नाही मावशी, मला मूलबाळ नाही अजून."

ती खळखळून हसली. "आगं, झाराची मुली! खालची मुली, मुली!" आणि तिनं वाकून, वाळूत बोटं खुपसून एक रोप वर काढलं. पानांच्या बुडाशी करंगळीएवढं, गाठीगाठीचं, पांढुरकं मूळ होतं. "ही बघ. आमी इतं लहानाच्या मोठ्या झालो. उन्हाल्यात नदी आटली का इतं काय बी नाय दिसत, नुसते दगर. पानं सगली जातात. ही मुली रातं खाली. पानी आलं का परत हाय तसं. अलवाच्या जातीचं हाय ते, असं मरत नाय. मुली घट्ट हाय का बघितली तू?"

मी बघितली नव्हती. पानं गेली म्हणजे झाड गेलं, एवढंच मला माहीत होतं.

"घरी जा आनि चाचपून बघ," ती म्हणाली. "घट्ट लागली तं जितं हाय. मऊ लागली तं मंग ये, मी देतं तुला काढून." आणि हातातलं रोप तिनं पुन्हा वाळूत खोचून टाकलं.

मी पाण्यातून बाहेर आले आणि तेव्हा मला नवऱ्याचं बोलणं आठवलं. टाकी साफ करून ठेवतो.

नदीवर मोबाइलला रेंज नव्हती. चपला हातात घेऊन मी रस्त्यापर्यंत पळत आले. दोन दांड्या दिसल्याबरोबर फोन लावला.

"झाली!" तो आनंदानं म्हणाला. "चकाचक. पाणी बदललं, मासे एकदम खूश."

"आणि मुळं?"

"कसली मुळं? ती खोडं? सगळी काढली. वास मारत होती. पिशवीत भरून खाली डब्यात टाकली."

"घंटागाडी आली?"

"ऐकू येतेय. कोपऱ्यावर असेल. का?"

"खाली पळ," मी ओरडले. "ती पिशवी परत आण. झाड जिवंत आहे!"

तो काहीतरी विचारायला लागला, पण रेंज गेली.

परतीची ती रिक्षा मला आयुष्यातली सर्वांत हळू रिक्षा वाटली. माझ्याबरोबर दोन भाजीवाल्या होत्या, मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन. त्यातली एक म्हणाली, "दवाखान्यात कोण हाय का बाई?" मी मानेनंच नाही म्हटलं. 

इमारतीच्या फाटकाशी पोहोचले तर दृश्य असं. घंटागाडी उभी. सफाईचे दोन कामगार कमरेवर हात ठेवून उभे. आणि माझा नवरा, अंगात बनियन आणि खाली पायजमा, फाटकाच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरून आमच्या इमारतीचा कचरा निवडत बसलेला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतून बघत होत्या.

"साहेब, सोन्याचं काय पडलं का?" एक कामगार विचारत होता.

"नाही हो, झाड आहे," नवरा म्हणाला. मग मला बघून त्यानं हातातला एक तुकडा वर धरला. "हे मूळ आहे की आलं? मला कळत नाहीये!"

पिशवी सापडली होती, पण डब्यात फाटली होती, आणि तिच्यातलं सगळं बटाट्याच्या सालांत, चहाच्या चोथ्यात आणि कुणाच्या तरी आल्याच्या तुकड्यांत मिसळलं होतं. मी तिथंच मांडी घातली. दोघांनी मिळून एकेक तुकडा चाचपला. मऊ लागला की बाजूला, घट्ट लागला की तांब्यातल्या पाण्यात. मग त्या कामगारांपैकी मोठा होता तो खाली बसला आणि म्हणाला, "सांगा, कसं दिसतं ते." त्यानं दोन तुकडे आमच्या आधी शोधले. सगळे मिळून सहा निघाले. सहा घट्ट मुळं, नखानं दाबली तरी न दबणारी. मी त्या माणसाला चहा प्यायला वर बोलावलं. तो म्हणाला, "गाडी थांबलीय ना ताई," आणि हात झटकत निघून गेला.

आम्ही ती सहा मुळं खडीत लावली. वरचं टोक उघडं ठेवून. पानाचा पत्ता नाही, नुसती सहा ठिकाणं. नवऱ्यानं आगपेटीच्या काड्या रोवून खुणा केल्या.

मग वाट बघायची. शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी टाकी. काही नाही. भारनियमनात वीज गेली की टाकीतला हवेचा पंप बंद पडायचा, मग मी मगानं पाणी वरून सोडत बसायची, हवा मिसळावी म्हणून. एक आठवडा गेला, दुसरा गेला. शनिवारी काकूंचा फोन यायचा आणि मी काय बोलायची ते मलाच आठवायला नको वाटतं. त्यांचाही आवाज त्या दिवसांत मला जरा पातळ वाटायचा, पण फोनची लाइन खराब असेल असं मी धरून चालले. आपण खोटं बोलत असलो की समोरच्याचं नीट ऐकू येत नाही.

चौथ्या शनिवारी फोन वाजला तेव्हा मी ठरवून उचलला. त्यांनी "कशी आहेस" म्हणायच्या आतच मी म्हणाले, "काकू, झाडाची सगळी पानं गेली. पहिल्याच आठवड्यात गेली. मी तुमच्याशी खोटं बोलत होते. नुसती मुळं उरलीत, तीही आम्ही कचऱ्यातून काढली."

एका दमात सांगून मी आता बोलणी खायला तयार होते. 

मग काकू म्हणाल्या, "मुळं घट्ट आहेत?"

"घट्ट होती. लावलीत. पण दोन आठवडे होत आले, काहीच नाही."

"अगं," काकू म्हणाल्या, "ते जागा बदलली की नेहमीच असं करतं! आम्ही जुन्या पनवेलहून तिथं राहायला आलो तेव्हा पण सगळी पानं गेली होती. हे दोन दिवस जेवले नव्हते. मग आलं परत. मी तुला हे सांगायचंच विसरले. निघायच्या गडबडीत माझ्या डोक्यात काय होतं तेव्हा! आणि तू सांगत होतीस नवं पान आलं, तर मी म्हटलं, हिच्या हाताला बघा कसं झाड लागलं."

मी टाकीतल्या सहा काड्यांकडे बघितलं.

"बॅटरी आहे घरात?" त्यांनी विचारलं. "वरून नको बघू. काचेला गाल लाव आणि बाजूनं, खडीच्या अगदी वर बघ. नवं पान हिरवं नसतं. खडीच्याच रंगाचं असतं, तपकिरी. सुईएवढं. जा, मी थांबते."

"काकू, बाहेरच्या देशाचा फोन..."

"जा म्हटलं ना."

फोनची दोरी टाकीपर्यंत पोहोचत नव्हती. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, नवऱ्यानं बॅटरी आणली. मी गुडघ्यांवर बसले, गाल काचेला लावला. खडी, खडी, काडीची खूण, खडी. आणि मग तिसऱ्या काडीशी मला जे आजवर खडीच वाटत होतं ते वर उभं होतं. तपकिरी, टोकदार, गुंडाळलेलं. त्याच्याशेजारी दुसरं. पाचव्या काडीशी एक तर चक्क उलगडायला लागलं होतं, आणि त्याच्या कडेला, एवढ्याशा पानाला, चुण्या होत्या.

"आहे!" मी तिथूनच ओरडले. "काकू, आहे! तीन पानं आहेत!" नवरा रिसीव्हर उचलून सांगत होता, "आहे म्हणतेय. रडतेय पण." मग त्यानं रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे काकूही रडत होत्या. आधी मला वाटलं, झाडामुळे.

"मी पण तुला खोटंच सांगत होते गं," त्या म्हणाल्या. "छान छान म्हणून. मी इथं महिनाभर खोलीच्या बाहेर फारशी पडले नाही. भाषा येत नाही. दुकानात गेलं की मुकी. मुलगा-सून चांगले आहेत, पण ते कामाला जातात आणि मी भिंतीकडे बघत बसते. कुणाला सांगू? तू तिकडे झाड सांभाळतेस, तुला काय सांगू?"

"मला सांगायचं होतंत काकू."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

यावर आम्ही दोघी हसलो. रडता रडता हसणं फोनवर फार वेडंवाकडं ऐकू येतं. पण त्या हसण्यानं छातीवरचा दगड उतरला. त्या दिवशी त्यांनी मला खरं खरं सांगितलं, बराच वेळ. आणि शेवटी म्हणाल्या, की मंगळवारी बाजारात भाजी बघत असताना मागून कुणीतरी म्हणालं, 'अगं बाई, केवढी ही वांगी!' वळून बघितलं तर त्यांच्याच वयाची बाई. अलिबागकडची. "मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. ती घाबरली बिचारी. उद्या तिच्याकडे जेवायला चाललेय."

त्या दिवसानंतर आमच्या शनिवारच्या फोनात 'छान' हा शब्द कमी झाला. कधी त्यांचे गुडघे दुखत, कधी माझा मुख्याध्यापकांशी खटका उडालेला असे. कधी त्या अलिबागच्या बाईशी त्यांचं भांडण होई आणि पुढच्या शनिवारी मिटलेलं असे. झाड मात्र मार्चपर्यंत अर्धी टाकी भरून उभं राहिलं. मे महिन्यात त्याला बाजूनं पिल्लं फुटायला लागली, तेव्हा त्यातली दोन काढून, मातीच्या कुंडीत लावून मी नेऱ्याला घेऊन गेले, त्या मावशींना दाखवायला. नदी खरंच आटली होती. नुसते दगड. गावात विचारत गेले तर मावशी घरी अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी कुंडी हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "आता हे इतं आनलंस, काय करू मी त्याचं? आमच्याकडं काय कमी हाय?" आणि मला बसायला पाट देऊन, मूठभर चिंचा माझ्या ओंजळीत टाकल्या.